वागळे इस्टेटमधलं ‘सिंगर-अ‍ॅक्टर पॅकेज’: बूथ फर्स्ट क्लास, शूट काठावर पास

आर्या आंबेकर लिटिल चॅम्प्समधून पुढे येऊन 2017 मध्ये सिनेमाची नायिका झाली. दिलजीत दोसांझ पंजाबी पॉप गाता गाता हिंदी सिनेमात रुळला. आता गाणाऱ्या पोराला ‘अ‍ॅक्टिंगचंही बघ की’ म्हणणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो, आणि ठाण्यातल्या स्टुडिओंनी ही नस बरोबर पकडली आहे. एक गाणं, त्याचा व्हिडिओ आणि ऑडिशनची क्लिप, सगळं एका पॅकेजमध्ये. असाच हा एक स्टुडिओ वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, वरच्या मजल्यावर आहे. गाण्याला तीन तास, शूटला दोन. नाव मुद्दाम देत नाही, कारण बाकीच्यांची पॅकेजंही थोड्याफार फरकाने अशीच असतात.

आधी चांगलं. बूथ, म्हणजे गायची बंद खोली, साधारण सहा बाय सात फुटांचा आहे आणि भिंतींवर नुसता फोम चिकटवून मोकळे झालेले नाहीत. कापडात गुंडाळलेले चार इंची रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनल आहेत, कोपऱ्यांतसुद्धा. पातळ फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. खालची 200-300 हर्ट्झची घूं तशीच राहते आणि गळा कितीही गोड असला तरी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. इथे तसं होत नाही. मात्र टेक चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो आणि वीसेक मिनिटांत बूथची भट्टी होते. घामाने वैतागलेला गायक वरचा सा कमी लावतो, म्हणून दर दोन-तीन टेकनंतर दार उघडायला सांगा, संकोच करू नका.

माइक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर आहे. तोंडापासून एक वीत अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर ही बसवणूक ठीक, पण मराठी गाण्याला तेवढी पुरत नाही. ‘फुलपाखरू’तला फ आणि ‘भरून’मधला भ फिल्टर अडवतो. ‘चांदणं’ आणि ‘चूल’मधला दंत्य च मात्र थेट सूंऽ करून कानात घुसतो. नंतर डी-एसर (असे सूंकार दाबणारं सॉफ्टवेअर) लावून तो दाबला तर गाणारी बोबडी वाटायला लागते. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या वेळीच माइक किंचित तिरका करून घ्यावा, हवेचा झोत बाजूने निघून जातो. इथल्या साउंडवाल्या दादांना सांगितलं की ते करतात. आपणहून करत नाहीत.

दुसरी गोष्ट हेडफोनची. स्वतःचा आवाज कानात उशिरा येत असेल तर गायक नकळत लय ओढतो आणि खापर त्याच्या रियाजावर फुटतं. दोष बहुतेक वेळा बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे सोडतो त्या सेटिंगचा असतो. 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 नमुने) 1024 नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेलाच 23 मिलिसेकंदांचा उशीर, 128 ठेवला तर तीनच्या आसपास. मिक्सिंगनंतर वाढवलेला बफर पुढच्या गायकासाठी कमी करायला विसरणं ही नेहमीची चूक, आणि ती इथेही होते.

ट्रॅकची, म्हणजे मागे वाजणाऱ्या संगीताची, पट्टी घरूनच ठरवून जा. ट्रॅक काळी एकचा आणि गळा पांढरी पाचचा असेल, तर तिथे जाऊन ट्रॅक ताणण्यात अर्धा तास जातो आणि ताणलेला तबला प्लास्टिकचा वाजतो.

ट्यूनिंग, म्हणजे सॉफ्टवेअरने सूर सुधारणं, किती करायचं हेही आधीच बोला. झटपट सेटिंग लावलं की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि मुरकी पार सपाट. ‘फक्त ठेहरावाचे सूर सरळ करा, हरकतींना हात लावू नका’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

आता शूट. इथे मात्र पॅकेज उघडं पडतं. काळा पडदा, दोन एलईडी पट्ट्या आणि तयार गाण्यावर ओठ हलवणं. कास्टिंगवाल्याला यातून काय दिसणार? ओळ सुरू होण्याआधी छाती भरत नाही, वरच्या सुराला मानेची शीर ताणली जात नाही, डोळे मॉनिटरवर खिळलेले. वर शूट मोबाइलवर होतं. मोबाइल फ्रेम रेट आपल्या मर्जीने कमी-जास्त करतो, म्हणून पहिल्या कडव्याला जुळलेले ओठ तिसऱ्या कडव्यात घसरतात. अ‍ॅपमध्ये 25 फ्रेम लॉक करणं हे दोन मिनिटांचं काम. ऑडिओही 48 किलोहर्ट्झमध्येच मागा. 44.1 ची फाइल चुकून 48 च्या वेगाने वाजली, तर गाणं जवळपास दीड सेमीटोन वर चढतं.

‘अमर सिंह चमकीला’मध्ये दिलजीत आणि परिणीती चोप्राने गाणी सेटवर प्रत्यक्ष गायली होती. तेवढा सरंजाम इथे कोणी मागत नाही, पण एक मिनिट तरी तसं गाता येतं. ट्रॅक फक्त एका कानात, कॉलर माइक लावलेला, मागे साधी भिंत, कॅमेरा आडवा आणि खांद्यापासून वर फ्रेम. त्याला जोडून नाव, वय, उंची सांगणारी ओळख, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल आणि गाणं नसलेला दीड मिनिटाचा संवाद. दोन तासांत हे आरामात बसतं. म्हणून एलईडीवाला व्हिडिओ सरळ रद्द करा आणि ती वेळ इकडे वळवा. वळवून देतात.

पैसे देण्याआधी 24 बिटची वेव्ह फाइल (पूर्ण दर्जाची), मायनस वन (गायकाच्या आवाजाशिवायचं संगीत) आणि नुसत्या आवाजाची वेगळी फाइल मिळेल हे लिहून घ्या, नाहीतर हातात एक एमपीथ्री पडते. जीएसटी दरात धरलाय की वर 18 टक्के लागणार, तेही. गाणं नवं असेल तर गीतकार-संगीतकाराशी कागद स्वतः करा. स्टुडिओ त्यात पडत नाही.

आणि बुकिंग पावसाळ्यात टाळा. गाळ्यावर पत्रा आहे. रॉकवूलने कितीही थोपवलं तरी जोराच्या सरीची घरघर टेकमध्ये येतेच, आणि सर थांबेपर्यंत तासाचं मीटर चालूच असतं.