उपचार संपले, आता उंची कुणी मोजायची?

मुलाच्या डोक्यातली गाठ निघाली, शेक म्हणजे रेडिएशन झालं, केमो झाली, एमआरआय स्वच्छ आला, केसही परत आले. मग कधीतरी शाळेच्या फोटोत लक्षात येतं की आपलं मूल पुढच्या रांगेतच राहिलंय. तिथून पुढे कुणाकडे जायचं, हा प्रश्न बऱ्याच पालकांना पडतो. जिथे उपचार झाले त्याच कॅन्सर रुग्णालयाच्या फॉलोअपवर भरवसा ठेवायचा, की मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडे, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, वेगळं दाखवायचं? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे.

आधी एक खुलासा. आमच्या मुलीला मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातली कॅन्सरची गाठ होती. त्यामुळे डोकं आणि पूर्ण मणका दोन्हींना शेक. खाली लिहिलंय ते मुख्यतः अशा मुलांसाठी. रक्ताच्या कॅन्सरमध्ये फक्त केमो झाली असेल तर गोष्ट बरीच सौम्य असते. स्टिरॉइड चालू असताना उंची रेंगाळते, उपचार थांबले की बहुतेक मुलं बरीचशी भरून काढतात. तिथे दर खेपेला उंची तक्त्यावर मांडणारे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ पुरेसे ठरतात असं मला वाटतं. ती धावपळ उगाच अंगावर घेऊ नका.

कॅन्सर रुग्णालयाची बाजू भक्कम आहे. गाठ परत आली नाही ना, हे तेच बघू शकतात. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधामुळे कानावर परिणाम झालाय का याची तपासणी तिथेच होते. शेक कुठे, किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) दिला, हे त्यांच्या फाइलमध्ये असतं. आमच्या मुलीला डोकं-मणक्याला २३.४ ग्रे आणि मेंदूच्या मागच्या भागात वाढवून एकूण ५४. हे आकडे पुढे फार कामाला येतात. शिवाय खर्च कमी, आणि तिथल्या सिस्टर पोरीला नावाने ओळखतात, याचंही मोल आहेच.

आता खटकलेली गोष्ट. आम्ही सांगलीचे. रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबईला जायचं, सकाळी ओपीडीत नंबर लावायचा. वजनकाट्याशेजारी भिंतीला टेप चिकटवलेली. वॉर्डातले मामा म्हणणार, ‘चल गं, उभी राहा.’ पायात चप्पल तशीच, डोक्यावर आईने बांधलेला अंबाडा, त्यावर पॅड टेकवून आकडा मोठ्याने सांगायचा, आणि मागचं पोर पुढे. एका खेपेला केसपेपरवर १२१ लागले, पुढच्या खेपेला १२०.५. सहा महिन्यांत पोरगी आखडली, आणि कुणाच्याच भुवया उंचावल्या नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष एमआरआयच्या रिपोर्टवर. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘अहो, जीव वाचलाय, उंचीचं काय घेऊन बसलात?’ बोलणारे डॉक्टर मनाने वाईट नव्हते. रोज जे बघतात त्यापुढे त्यांना उंची क्षुल्लक वाटत असणार. पण त्या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे सहा महिन्यांत अडीच-तीन. त्यात चप्पल आणि अंबाड्याचीच दोन सेंटीमीटर गेली, तर वाढ मंदावलीय की नाही हे कळणार कसं?

सगळीकडे असंच असतं असं अजिबात नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट) क्लिनिक आहे, आणि उशिरा दिसणारे परिणाम शोधणं हेच त्याचं काम. आमचे उपचार तिथले नाहीत. तुमच्या रुग्णालयात अशी सोय असेल, तर माझी वरची कुरकुर जरा हलकी करून वाचा.

हार्मोनतज्ज्ञ आम्हाला पुण्यात मिळाले. तिथल्या पहिल्याच खेपेत उंची मोजण्याबद्दलची माझी कल्पना बदलली. अनवाणी, केस सोडून, टाचा पट्टीला टेकवून, नजर समोर. हनुवटीखाली बोटं लावून डोकं सरळ करायचं, मग पट्टी खाली. तेच पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे लिहिले. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची घेतली. ती कशाला, असं आमच्या हिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘वहिनी, मणक्याला शेक मिळालाय. पाय वाढतात, पाठ मागे राहते. नुसती उभी उंची बघितली तर पाय पाठीची चूक झाकतात.’ इतक्या फॉलोअपमध्ये हे आम्हाला कुणी बोललं नव्हतं. मग आकडे भारतीय मुलांच्या तक्त्यावर मांडले गेले. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५चे तक्ते, ज्यांच्या कामात पुण्यातल्याच मंडळींचा मोठा वाटा आहे.

तपासण्यांतही फरक जाणवला. मुंबईत आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी रक्ततपासणी, नॉर्मल आलं, तिथेच विषय मिटला होता. डोक्याला शेक मिळालेल्या मुलांत ते नॉर्मल असूनही ग्रोथ हार्मोन कमी असू शकतं, हे इथे कळलं. थायरॉइडसाठी नुसतं टीएसएच (मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीकडून थायरॉइडला जाणारा हुकूम) पुरत नाही, फ्री टी-फोरही (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) लागतं. पिच्युटरीच मंद असेल तर टीएसएच सरळ दिसतं. शिवाय मूल वयात लवकर येतंय का, हेही ते तपासतात. मेंदूला शेक मिळालेल्या काही मुलींच्या बाबतीत आठ वर्षांच्या आधीच ही सुरुवात होते. तेव्हा उंची झरझर वाढते, नातेवाईक कौतुक करतात, आणि हाडांची वाढ मात्र वेळेआधी बंद होत असते. असा वेग भिंतीवरच्या टेपला चांगलाच दिसणार. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं तरच ते लक्षात येतं.

या बाजूचे तोटेही आहेत. ग्रोथ हार्मोन पुरेसं तयार होतं का हे बघणारी क्लोनिडीनची टेस्ट म्हणजे अर्धा दिवस. उपाशीपोटी गोळी, हाताला सुई, दर अर्ध्या तासाला रक्त. गोळीने रक्तदाब उतरतो, पोरगी पेंगत होती आणि मध्येच ‘बाबा, अजून किती?’ विचारत होती. गाठीबद्दल हे डॉक्टर काहीच ठरवत नाहीत, ते सरळ सांगतात. दोन फाइली, दोन शहरं, आणि दोघांचे कागद एकमेकांना दाखवत फिरणारा टपाली आपण. ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन लागलं तर रोज रात्री टोचणं, औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, आणि महिन्याचा खर्च घराचं गणित बदलणारा. तेही साधारणपणे उपचार संपून गाठीविना एक वर्ष गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. शेकलेली पाठ त्याने फारशी वाढत नाही, फायदा बहुतेक पायांना होतो. हे आधी सांगणारे डॉक्टर मला जास्त विश्वासाचे वाटले, पण हा माझा स्वभाव असेल.

सगळ्यांनी पुण्याला धाव घ्यावी असं मी म्हणणार नाही. कोल्हापूर, नाशिक, नागपूर, जिथे मुलांचे हार्मोनतज्ज्ञ जवळ असतील तिथे जा. गाठीसाठी आम्ही अजून मुंबईलाच जातो आणि जात राहू. पण दर सहा महिन्यांची उंची आता पुण्यातच घेतो. मुंबईच्या टेपचा आकडा केसपेपरवर लागतो, आम्ही तो वाचत नाही.

जाणार असाल तर रेडिएशन समरी आधी काढून ठेवा, एकूण मात्रा आणि कुठल्या भागाला दिली यासह. ती मिळवायला रेकॉर्डच्या खिडकीवर चिकाटी लागते. पहिल्या भेटीत आमच्याकडे मागितलेला पहिला कागद तोच होता, एमआरआय नव्हे.