आईच्या छातीचा फोटो, सीटी आणि एचआरसीटी: नऊ महिन्यांचा अनुभव

दिवाळीनंतर आईला कोरडा खोकला लागला. जिना चढताना धाप लागायची. छातीचा फोटो काढला, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि आम्ही दोन महिने खोकल्याच्या औषधांवर घालवले. ते दोन महिने मला अजून टोचतात. एक्स-रेमध्ये फुप्फुसं, हृदय, बरगड्या एकावर एक येतात. न्यूमोनिया, पाणी, मोठी गाठ कळते. पण फुप्फुसाच्या जाळीतला, म्हणजे हवेच्या पिशव्यांभोवतीच्या नाजूक पडद्यातला आजार सुरुवातीला असला तरी फोटो स्वच्छ येऊ शकतो. तरीही ताप-खोकल्याला पहिला फोटोच काढावा असं माझं मत आहे.

मग सीटी झाला. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी चेस्ट' होतं, म्हणून सेंटरवाल्यांनी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात उठून दिसणारं औषध) देऊन केला. कॉन्ट्रास्ट लागतो तो गाठी, लिम्फ नोड आणि रक्तवाहिन्या नीट दिसण्यासाठी; जाळीच्या आजारात बहुधा त्याची गरजच नसते. रिपोर्टात 'ग्राउंड ग्लास' वाचून रात्रभर झोप लागली नाही, कारण कोविडपासून हा शब्द मनात बसलेला. पण ते आजाराचं नावच नाही. घासलेल्या काचेतून पाहावं तसा धूसर भाग, एवढाच त्याचा अर्थ. संसर्ग, रक्तस्राव, ॲलर्जी, कशानेही तसं दिसतं.

छातीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारलं, "आई, घराजवळ कबुतरं आहेत का?" गॅलरीत वर्षानुवर्षं होती. मग त्यांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं: एचआरसीटी, कॉन्ट्रास्टशिवाय, श्वास घेऊन आणि सोडून. एचआरसीटी म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा सीटी; यात साधारण एक मिलिमीटरचे पातळ काप घेतात. श्वास सोडल्यावर निरोगी भाग पांढुरका होतो. हवा अडकलेला भाग काळाच राहतो. आईच्या फुप्फुसात असे काळे ठिपके जागोजागी होते. कबुतरांची विष्ठा, पिसं, फुंकण्याची तपासणी आणि हे चित्र जुळवून निदान झालं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या धुळीच्या ॲलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज.

दुसऱ्या स्कॅनच्या आधी आईकडून घरी श्वास रोखण्याचा सराव करून घेतला होता. मशीनमधल्या सूचना हिंदीत येतात आणि तिला कमी ऐकू येतं. श्वास हलला तर चित्र पुसट होतं आणि स्कॅन वाया जातो. एका सीटीचं रेडिएशन साधारण ६ मिलिसीव्हर्ट, फोटोचं ०.१ च्या आसपास, म्हणून पहिल्याच वेळी योग्य चिठ्ठी हवी होती.

रिपोर्टात उजवीकडे वर एक छोटी गाठही होती. कपाटात २०११ ची फिल्म सापडली. तिच्यावर तोच चुन्यासारखा पांढरा ठिपका, तेवढाच. जुना, भरलेला व्रण म्हणून डॉक्टरांनी तिकडे पुन्हा सीटी करायला सांगितलं नाही.

गॅलरीला जाळी लावली. आई मावशीकडे असताना मी मास्क लावून, पाणी मारून सगळं धुतलं. स्टिरॉइड कमी होत आलंय, आता ती दोन जिने न थांबता चढते. स्कॅनच्या सगळ्या सीडी (डिस्क) तारीख लिहून एका पिशवीत आहेत, आणि पुढचा एचआरसीटी त्याच सेंटरवर करायचा ठरलाय.