मण्यार की घोणस?

एफएमजीईच्या (परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा) प्रश्नात सापाचं नाव क्वचितच दिलेलं असतं. लक्षणांवरून ते ओळखायचं असतं.

रात्री जमिनीवर झोपलेला शेतमजूर, पहाटे पोटदुखी, पापण्या जड, दंशाची खूण जवळजवळ नाहीच. हे वाचलं की मण्यार. तिचं विष मुख्यतः चेतातंतूचं टोकच निकामी करतं, म्हणजे प्रीसिनॅप्टिक. म्हणून चेतातंतूकडून स्नायूला मिळणारा संदेश टिकवणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. (नागाच्या दंशात होतो. बरेच जण इथेच फसतात.) श्वास मंदावू लागला की वाट न बघता नळी घालून व्हेंटिलेटर.

घोणस मात्र गाजावाजा करून येते: तीव्र वेदना, वाढती सूज, हिरड्यांतून रक्त, पुढे मूत्रपिंडं निकामी. तिचं विष फॅक्टर 10 आणि 5 सक्रिय करतं, रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवा. प्लास्टिकची नळी चालत नाही. गोठलं नाही, तर मण्यारीचा पर्याय खोडा.

प्रतिविष दोन्हींना एकच, पॉलिव्हॅलंट, म्हणजे अनेक सापांच्या विषांवर चालणारं. मुलांनाही डोस मोठ्यांइतकाच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही.