डावारिच रोज वापरल्यावर: आपला माग आपल्याच घरी

आठ-नऊ महिने रोज वापरून झाल्यावर सांगते, डावारिच, म्हणजे आपण कधी कुठे गेलो याचा माग आपल्याच सर्व्हरवर ठेवणारं सॉफ्टवेअर, ठेवण्यासारखं आहे. पण ‘घरच्या सर्व्हरवर (घरी सतत चालू ठेवलेल्या संगणकावर) टाकलं म्हणजे आपोआप खाजगी झालं’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. सॉफ्टवेअर आपलं काम चोख करतं. खाजगीपणा मात्र त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा गोष्टींवर ठरतो, आणि त्या आपल्या आपणच बघाव्या लागतात.

मी ठिबक सिंचनाचे आराखडे करते. राहायला साताऱ्यात, आणि कामासाठी कोरेगाव, खटाव, माण, जावळी अशी सारखी भटकंती. कुठल्या शिवारात कधी गेले, तिथे किती वेळ थांबले, हे मला महिन्या-दोन महिन्यांनी हटकून लागतं. कधी प्रवासखर्चाच्या बिलासाठी, कधी शेतकऱ्याचा फोन येतो म्हणून: “ताई, तुम्ही मोजणीला आलात तेव्हा विहिरीला पाणी किती होतं?” तारीख सापडली की वही सापडते, वही सापडली की उत्तर सापडतं. अनेक वर्षं ही तारीख गूगलच्या टाइमलाइनमधून, म्हणजे फोन कधी कुठे होता याच्या नोंदीतून, मिळत होती. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की हा इतिहास यापुढे त्यांच्या सर्व्हरवर न राहता ज्याच्या-त्याच्या फोनवर राहील. पुढे संगणकाच्या ब्राउझरमधून टाइमलाइन बघण्याची सोयही बंद झाली. खाजगीपणाच्या दृष्टीने निर्णय चांगलाच म्हणायचा. पण मला मोठ्या पडद्यावर दोन वर्षांचे मे महिने शेजारी-शेजारी बघायचे असतात. शिवाय बॅकअप सुरू नसेल तर फोन हरवला की इतिहासही गेला. म्हणून स्वतःची सोय करायची ठरवली.

डावारिच हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०२४ पासून लोकांसमोर आहे. रुबी ऑन रेल्सवर लिहिलेलं, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि भौगोलिक माहितीसाठी त्याची पोस्टजीआयएस ही जोड, शिवाय तात्पुरत्या नोंदी सांभाळणारं रेडिस. डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यासारखं आणून चालवण्याची सोय) येत असेल तर उभं करायला एक संध्याकाळ पुरते. माझ्याकडे ते रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर (पुढे नुसता ‘पाय’) आहे, डेटाबेस एसएसडीवर. सतत लिहीत राहणाऱ्या डेटाबेससाठी एसडी कार्डाच्या भरवशावर राहू नका. पायच्या प्रोसेसरसाठी पोस्टजीआयएसची वेगळी इमेज (डॉकरचा तयार डबा) घ्यावी लागते, ते डॉकरच्या फाइलमध्येच लिहिलेलं आहे.

उभं केल्यावर लगेच दोन गोष्टी करा. पहिली, आयता येणारा डेमो ईमेल आणि पासवर्ड बदला. दुसरी, टाइमझोन. नमुन्याच्या फाइलमध्ये युरोप/लंडन असतं, तिथे आशिया/कोलकाता करा. नाहीतर दिवस मध्यरात्री बदलायचा तो आपल्याकडे पहाटे बदलतो आणि साडेचारला निघालेल्या माणसाचा प्रवास आदल्या दिवसात जाऊन बसतो. माणकडे जायचं तर मी नेहमी पहाटेच निघते, त्यामुळे हे महत्त्वाचं.

जुना इतिहास आत घेणं हा सगळ्यात आनंदाचा भाग होता. गूगलच्या जुन्या नोंदींच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दशांश चिन्हाशिवाय, एक कोटीने गुणून लिहिलेले असतात: साताऱ्याजवळचा १७.६८०५ हा अक्षांश तिथे १७६८०५००० असा दिसतो. फाइल उघडून बघितली तर नुसता आकड्यांचा रगाडा. डावारिचला ती दिली, पायने रात्रभर ती चघळली, आणि सकाळी नकाशावर दुष्काळातले जुने दौरे उमटले. माणमधल्या ज्या वस्त्यांवर तेव्हा टँकरच्या मागे-मागे गेले होते, ते रस्ते तसेच्या तसे. नवीन अँड्रॉइड फोनवर ही फाइल फोनच्या लोकेशन सेटिंगमधून, टाइमलाइनच्या पानावरून बाहेर काढता येते. ज्यांची टाइमलाइन अजून शाबूत आहे त्यांनी सर्व्हर करा वा न करा, पण ही फाइल एकदा काढून ठेवाच. आणि डावारिचमध्ये घेतल्यावरही मूळ फाइल पुसू नका. हे खुद्द सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचंही सांगणं आहे.

फोनमधून रोजची नोंद पाठवायला मी ओनट्रॅक्स वापरते. हे ॲप डावारिचपेक्षा बरंच जुनं, साधं आणि खात्रीचं. ते पाठवतं काय, तर अक्षांश, रेखांश, वेळ, अचूकता किती मीटर, वेग, आणि बॅटरी किती टक्के. सगळं मिळून एक ओळ. त्यातला अचूकतेचा आकडा बघायची सवय लावून घ्या. शिवारात उघड्या आभाळाखाली तो दहाच्या आसपास असतो. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये शिरलं की फोन मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो, आकडा हजारावर जातो, आणि नकाशावर आपण क्षणात पलीकडच्या गावात जाऊन परत आलेले दिसतो. असे बिंदू निवडून काढून टाकता येतात. मी महिन्यातून एकदा ते काम उरकते.

ओनट्रॅक्सची मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे रेंज नसली तरी नोंद हरवत नाही. तापोळ्याकडच्या एका स्ट्रॉबेरीच्या प्लॉटसाठी बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून जावं लागलं. त्या खोऱ्यात माझ्या फोनला दिवसभर रेंज नव्हती. संध्याकाळी कास पठाराच्या अलीकडे फोन जागा झाला आणि साठलेल्या नोंदी एकामागोमाग एक सर्व्हरवर पोचल्या. घरी येऊन बघते तर निळ्या पाण्यावरून गेलेली आमच्या लाँचची रेघ, मधे नावाड्याने गाळ टाळायला घेतलेल्या वळणासकट.

आता अंतराचं. बिलासाठी हे घेणार असाल तर नीट समजून घ्या. ओनट्रॅक्सच्या नेहमीच्या पद्धतीत बॅटरी वाचवण्यासाठी बिंदू विरळ पडतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरला. महामार्गावर त्याने फरक पडत नाही. पण यवतेश्वरचा घाट चढताना दोन बिंदूंच्या मधे दोन वळणं जातात आणि डावारिच त्यांना सरळ रेघेने जोडतं. नकाशावर गाडी डोंगर कापून गेलेली दिसते आणि किलोमीटर गाडीच्या मीटरपेक्षा कमी भरतात. खंबाटकीच्या बोगद्यात तर उपग्रहच दिसत नाही, तिथेही सरळ रेघ. यावर उपाय म्हणजे ओनट्रॅक्सची ‘मूव्ह’ पद्धत. ती काही सेकंदांनी एक बिंदू टाकते, घाट वळणावळणाने उमटतो, पण फोन चार्जरला लावूनच ठेवावा लागतो. मी गाडीत असते तेव्हा मूव्ह, एरवी साधी पद्धत. तरीही बिलावर आकडा गाडीच्या मीटरचाच लिहिते. कुठल्या दिवशी कुठे गेले याला डावारिच पक्का साक्षीदार आहे, किती किलोमीटर याला नाही.

फोनची बॅटरी वाचवणारी यंत्रणा हा वेगळाच ताप. माझ्या आधीच्या फोनमध्ये पडदा बंद झाला की थोड्या वेळाने ओनट्रॅक्स मारलं जायचं. दिवसाचा दिवस कोरा. ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्या, आणि अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्याला कुलूप लावा. या तिन्ही गोष्टी केल्यावर रिकाम्या जागा बंद झाल्या.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या खाजगीपणाकडे येते. २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास आला होता. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की ठिकाण आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू मिळाले तर ९५ टक्के माणसं त्या गर्दीतून वेगळी ओळखू येतात. नाव काढून टाकलं तरी. रात्री कुठे असते, सकाळी कुठून निघते, एवढ्यावरच माझी ओळख पटते. एकटीने आडवाटेला फिरणाऱ्या बाईसाठी ही कागदावरची भीती नाही. मी कुठल्या वारी कुठल्या रस्त्याने जाते हे तिऱ्हाइताच्या हातात असावं, हे मला साफ नामंजूर आहे.

आणि इथेच डावारिचच्या एका सोयीकडे लक्ष द्यायला हवं. बिंदूवरून गावाचं नाव शोधायला ते बाहेरच्या सेवेला विचारू शकतं. विचारायचं म्हणजे आपले अक्षांश-रेखांश त्या सेवेला पाठवायचे. म्हणजे सर्व्हर घरात, आणि माग मात्र एकेक बिंदूने बाहेर! ही सोय बंद ठेवता येते, पण मग शहरं आणि देशांची आकडेवारी मिळत नाही. मधला मार्ग म्हणजे हेच नाव शोधायचं काम करणारं फोटॉन हे मुक्त सॉफ्टवेअर घरीच चालवायचं. सबंध जगाची माहिती त्याला अवाढव्य जागा मागते, पण भारतापुरती उतरवून घेता येते. पायला तो भार द्यायचा नव्हता, म्हणून एका जुन्या डेस्कटॉपवर फोटॉन टाकला. आठवड्यातून एकदा तो सुरू करते आणि राहिलेली नावं भरून घेते.

नकाशाची चित्रंही बाहेरूनच येतात. मी कोणता भाग बघतेय हे ती पुरवणाऱ्याला कळतं. मी तिथे होते का, कधी होते, हे कळत नाही. एवढं मी चालवून घेतलं आहे. ज्यांना तेही नको त्यांना नकाशाच्या सर्व्हरचा स्वतःचा पत्ता सेटिंगमध्ये देता येतो.

घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोचायला मी टेलस्केल वापरते. ते फक्त आपल्याच उपकरणांना एका खाजगी जाळ्यात जोडतं. माझ्या इंटरनेटवाल्याकडे स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडण्याचा प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर मिळाला असता तरी उघडला नसता. असा डेटा ठेवलेलं लॉगिनचं पान साऱ्या जगासमोर मांडायचं कशाला?

डिस्क कूटबद्ध केलेली आहे. चोराने पाय उचलून नेला तर त्याच्या हाती माझी बारा वर्षं लागू नयेत. याची किंमत अशी की वीज गेली आणि परत आली की मी पासवर्ड दिल्याशिवाय सर्व्हर उठत नाही. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे वीज सारखी ये-जा करते. पण नोंदी तोवर फोनमध्ये साठून राहतात, म्हणून अडत नाही. राउटर आणि पाय मिळून एका छोट्या यूपीएसवर लावल्यापासून तेवढाही त्रास कमी झाला.

गावांच्या नावांबद्दल थोडं. फोटॉनची माहिती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावरून येते आणि माण-खटावमधल्या कितीतरी वाड्या तिथे अजून नाहीत. मग तीन वस्त्यांना एकाच मोठ्या गावाचं नाव लागतं. शिवाय आकडेवारीत एखादं ठिकाण धरायला डावारिच मुळात साठ मिनिटांचा मुक्काम मागतं. हा आकडा बदलता येतो, मी तो कमी केला आहे. वाड्यांची नावं मात्र मी आता स्वतः ओपनस्ट्रीटमॅपवर भरते, देवनागरीत नीट, तिथल्या माणसांना विचारून. डावारिचमुळे लागलेलं हे काम मला मनापासून आवडतं. डावारिच स्वतः मराठीत नाही, ती उणीव आहेच.

लेक पुण्यात शिकते. तिच्यासाठी सर्व्हरवर वेगळं खातं काढावं असं मनात होतं. तिने विचारलं, “आई, माझं खातं वेगळं असलं तरी तुला सगळं दिसणारच ना?” दिसणारच. डेटाबेस ज्याच्या हातात, त्याच्यापासून काही लपत नाही. बाहेरच्या कंपनीची नजर काढली की घरातल्या कुणाची तरी नजर तिथे बसते, आणि सहसा ती सर्व्हर सांभाळणाऱ्याची असते. जामिनावरच्या आरोपीलाही पोलिसांना सतत माग दिसत राहील अशी अट घालता येत नाही, ते खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. मग विशीतल्या मुलीला तिची आई अशी अट कशी घालणार? तिचं खातं काढलं नाही. पोचल्यावर ती फोन करते. ज्या घरात एकच माणूस तांत्रिक बाजू सांभाळतो तिथे हे बोलणं आधी व्हायला हवं, विशेषतः नवरा सर्व्हर चालवणार आणि बायकोच्या फोनवर ॲप टाकणार असेल तर.

देखभालीचं सांगते. डावारिच झपाट्याने बदलतं. अपडेट आपोआप होऊ देऊ नका. आवृत्तीचा क्रमांक फाइलमध्ये पक्का लिहा, बदलांची टिपणं वाचा, डेटाबेसचा बॅकअप घ्या, मगच पुढे जा. मी बॅकअप कूटबद्ध करून एका वेगळ्या डिस्कवर ठेवते, आणि ती डिस्क घरात ठेवत नाही. शिवाय अधूनमधून सगळे बिंदू जीपीएक्स या सर्वत्र चालणाऱ्या फाइल-स्वरूपात काढून ठेवते. उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ती फाइल दुसरीकडे चालेल.

नकाशावरची धुक्याची सोय, म्हणजे जिथे गेलो तेवढाच भाग उघडा दिसणं, बघायला छान आहे. मी ती फारशी वापरत नाही. वेगानुसार रंगणाऱ्या रेघा मात्र उपयोगी. कुठल्या रस्त्याला खड्डे वाढलेत ते लगेच कळतं.

कमांड लाइनची (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची) सवय नसेल आणि बॅकअप कोण घेणार याचं उत्तर घरात नसेल, तर सध्या सर्व्हरच्या नादी लागू नका. अँड्रॉइडवर जीपीएसलॉगर नावाचं मुक्त ॲप आहे. ते रोजची जीपीएक्स फाइल फोनमध्येच लिहितं, आपण सांगितल्याशिवाय बाहेर कुठेही पाठवत नाही. महिन्याच्या शेवटी त्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. पुढे कधी डावारिच उभं केलंत तर त्याच फाइली त्याला देता येतात, आणि मधल्या महिन्यांतला एकही दिवस वाया जात नाही.