लियों, फ्रान्स: चढायला गाडी, उतरायला पाय (साडेचार स्टार)

उन्हाळ्यात फ्रान्सला जाणार असाल आणि पॅरिसच्या रांगांचा कंटाळा आला तर सरळ पॅरिसमधलंच गार द लियों स्टेशन गाठा आणि टीजीव्हीत (हायस्पीड ट्रेनमध्ये) बसा, साधारण दोन तासांत लियों. गाडी ३०० च्या स्पीडने पळते आणि आत कळत पण नाही. तिकीट मात्र विमानासारखं, आधी काढलं तर परवडतं, आयत्या वेळी घाम फुटतो. बहुतेक पब्लिक पार्त-द्यूला उतरतं, पण काही गाड्या पुढे पेराशपर्यंत जातात, हॉटेल दोन नद्यांच्या मधल्या भागात असेल तर तीच बघा, बॅगा ओढायचं वाचतं.

शहर म्हणजे ऱ्होन आणि सोन अशा दोन नद्या, मधे सपाट पट्टी आणि बाजूला दोन टेकड्या. टेकड्या दमवतात हो, घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर जास्तच, म्हणून आम्ही चढायला कायम गाडी घेतली. फुर्विएर टेकडीवर जुन्या लियोंमधून फ्युनिक्युलर (केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे) जाते, मेट्रोचंच तिकीट चालतं. वर बॅसिलिकाच्या (मोठ्या चर्चच्या) शेजारून अख्खं शहर दिसतं, पलीकडेच रोमन थिएटर, एंट्री फुकट, फक्त जून-जुलैत तिथे नुई द फुर्विएर फेस्टिवल असतो त्यामुळे स्टेज आणि लाइट्स मधे येतात. उतरताना रोझेर बागेतून या, सावली आहे.

पण खरी मजा क्रुआ-रूसला. तिथे जाणारी मेट्रो सी चक्क दातेरी रुळावर चढते, उटीच्या गाडीला असतो तसा, आणि हे मेट्रोमध्ये! ही विणकरांची टेकडी. जाकार, ज्याच्या नावाचा माग आपल्या सोलापूरच्या चादरीवाल्यांकडे असतो, तो याच गावचा, चौकात पुतळा आहे त्याचा. माग उंच म्हणून घरांची छतंही चार-चार मीटर उंच. मेझाँ दे कानू (कानू म्हणजे इथले रेशीम विणकर) म्युझियममध्ये माग चालवून दाखवतात, अजिबात सोडू नका, सोलापूर-येवल्याकडचे असाल तर तिथून हलणारच नाही तुम्ही. याच कानू लोकांनी १८३१ मध्ये मजुरीच्या दरासाठी उठाव केला होता. मग खाली चालत या, कूर दे व्होरासचा तो मोठ्ठा दगडी जिना बघत.

वाटेत त्राबूल लागतात, म्हणजे बिल्डिंगांच्या आतून एका गल्लीतून दुसरीत काढलेले बोळ. जुन्या लियोंमधला लांबलचक त्राबूल रु सें-जाँ ५४ ला शिरतो आणि रु द्यू बफ २७ ला निघतो. सकाळी जा, दार ढकलून बघा. वर लोक राहतात, तेव्हा आवाज कमी, एक टूर ग्रुप नुसता कल्ला करत होता, लाज वाटली बघून.

अर्धा स्टार कापला तो जेवणासाठी, आणि तो पण आमच्यासारख्या शाकाहारी लोकांपुरता. बूशाँ म्हणजे इथली पारंपरिक खानावळ, मेनूत आतडी, डुकराचं मांस, माशाचं केनेल (मुटक्यासारखं). आम्ही सर्वेल द कानू (ताजं चीज, लसूण, हिरवी पात, मस्त लागतं), बटाट्याचं ग्रातँ आणि गुलाबी प्रालीनचा (साखरेत घोळवलेल्या बदामांचा) टार्ट यावर काढलं, तक्रार नाही पण रोज रोज तेच. मांसाहारी असाल तर पाच स्टार. ऑगस्टमध्ये मात्र बऱ्याच छोट्या खानावळी सुट्टीवर असतात, आधी फोन करा.

ऊन जबरदस्त असतं आणि जुन्या बिल्डिंगांत एसी असेलच असं नाही, हॉटेल बुक करताना विचारून घ्या, आमच्या हॉटेलवाल्याने नुसता टेबल फॅन आणून ठेवला. एअरपोर्टला जाणाऱ्या ऱ्होनएक्स्प्रेस ट्रामला शहराचं रोजचं तिकीट चालत नाही, वेगळं आणि महाग. आणि एक सकाळ हाताशी असेल तर टीईआर म्हणजे लोकल ट्रेनने जवळचं व्हिएन गाव गाठा, अर्ध्या तासाच्या आत पोचता, स्टेशनपासून चालत रोमन देऊळ, गर्दी जवळपास नाहीच.