कापड पेठेतलं साडीचं दुकान: काच काठावर पास, बैठक पहिल्या वर्गात

सांगलीच्या कापड पेठेतल्या एका जुन्या साडीच्या दुकानानं नवं रूप घेतलंय. रस्त्याकडे अकरा फुटी काच, तळमजल्यावर रोजच्या सहावारी आणि इरकल, माडीवर बस्त्याची बैठक. नाव मुद्दाम देत नाही. खाली लिहिलेल्या चुका पेठेतल्या निम्म्या दुकानांत सापडतील. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या फॅशन कम्युनिकेशनसारख्या अभ्यासक्रमात व्हिज्युअल मर्चंडायझिंग, म्हणजे दुकानातली मालाची मांडणी, हा विषय असतो. तो शिकणाऱ्या सांगली-मिरजेच्या मुलांना सुट्टीत एखाद्या दुकानाचा अभ्यास करायचा असेल, तर मॉलमधल्या शोरूमऐवजी इथं यावं. वर्गात शिकवलेले बरेचसे नियम गिऱ्हाईक उभं राहून, स्वतःच्या हातानं माल काढून बघतं असं धरून बेतलेले असतात. इथं गिऱ्हाईक मांडी घालून बसतं आणि माल त्याच्यापुढं येऊन पडतो. त्यामुळं मापं सगळी बदलतात.

आधी काच. आत तीन फायबरचे पुतळे उभे आहेत, सहा फुटी, एक पाय पुढं टाकलेले, टाचा उचललेल्या. ड्रेससाठी ठीक, साडीला घातक. हिशेब सोपा आहे: साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५-४६ इंच. खोचण्यात तीन-चार इंच गेले की खाली उरतात ४२. या पुतळ्याची कंबर ४४ इंचांवर. म्हणजे निऱ्या जमिनीपासून दोन इंच वर लटकतात आणि खालची लोखंडी पाटी, पोटरीत घुसलेली सळई, सगळं रस्त्यावरून दिसतं. पुढं टाकलेल्या पायामुळं निऱ्या मधोमध फाकतात ते वेगळंच. उपाय महागडा नाही. कमी-जास्त होणाऱ्या स्टँडवरचं बिनडोक्याचं धड घ्यावं, कंबर ४१ इंचांवर बसवावी, आत कडक सुती परकर घालावा. निऱ्या सरळ पडतात आणि जमिनीला टेकतात. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि तो डाग रेशमातून जाता जात नाही. टोचायची ती घडीच्या आत, जरीत कधीच नाही.

काचेमागं गडद मरून मखमलीचा पडदा लावलाय. रात्री तो राजेशाही दिसतो यात वाद नाही. दुपारी मात्र काचेत समोर लावलेल्या मोटारसायकली दिसतात, साड्या नाहीत. उजेड लक्समध्ये मोजतात; भर उन्हात बाहेर तो लाखभर लक्स असतो. आत कितीही स्पॉटलाइट मारले तरी हजार-दोन हजारांच्या पुढं जाणं अवघड. काच बाहेरच्या उजेडाचा थोडा भाग परत फेकते, आणि मागचा पडदा गडद असला की तेवढाही भाग पुरून उरतो, काचेचा आरसा होतो. पडदा सायीच्या किंवा फिक्या बदामी रंगाचा केला आणि वर दोन-अडीच फुटी छज्जा काढला तर निम्मं दुखणं जाईल. छज्ज्याचा दुसरा फायदा म्हणजे थेट ऊन अडतं. उन्हात ठेवलेली साडी घडीच्या रेषेवर आधी विटते आणि मग ती सेलमध्येही कुणी उचलत नाही. आठवड्याला काचेतला माल बदलला तर हे टळतं. इथं तो महिना-महिना तसाच असावा अशी शंका पदरावरची धूळ बघून येते.

काचेत एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची आहे. पुतळ्यांखालचे चौथरे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, नाहीत. लोखंडी चौकोनी पाइपची चौकट, नट-बोल्टनं जोडलेली, वर सुटी फळी. २००५, २०१९ आणि २०२१ असा तीनदा कृष्णेचा पूर शहरात शिरला. भिजलेलं एमडीएफ फुगतं, कडेनं उकलतं आणि वाळल्यावरही मूळ आकारात येत नाही. ही चौकट मात्र खोलून माडीवर नेता येते. सांगलीत डिस्प्ले करणाऱ्यानं हे एवढं जरी उचललं तरी पुष्कळ.

तळमजल्यावर फार थांबण्यासारखं नाही. दोन रॅकमधली वाट अडीच फुटी, समोरासमोर आलेल्या दोन बायका पिशव्यांसकट अडकतात. तीन फूट तरी हवी, चार असेल तर उत्तम. किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या बाजूला.

माडीवर चढलात की दुकान एकदम हुशार होतं. गाद्यांवर पांढरीशुभ्र खोळ आहे, रंगीत सतरंजी नाही. पांढऱ्यावर साडीचा रंग खरा दिसतो आणि खालून परतणारा उजेड काठावरही पडतो. विकणारा आणि गिऱ्हाईक यांच्यात पुरते चार फूट मोकळे ठेवलेत. पन्ह्याइतकी जागा असल्यानं साडी फेकली की काठ ते काठ उलगडते. वीस-पंचवीस जणींचा बस्ता बांधताना साड्यांचा ढीग बाजूला सरकवायलाही जागा उरते.

उजेडाचं काम तर बघण्यासारखं. आढ्याला पसरट पॅनेल कमी, छोटे स्पॉट जास्त, आणि ते विकणाऱ्याच्या डोक्यावरच्या पट्टीत. पसरट उजेडात साडीची जर मेलेली दिसते. बारीक, थेट किरण समोरून आला की ती चमचमते. तेच दिवे गिऱ्हाइकाच्या पाठीमागं असते तर तिच्याच डोक्याची सावली साडीवर पडली असती. रंग ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळट ना निळसर. एक खोट आहे: कुंकवाच्या रंगाची साडी इथं जराशी तपकिरी वाटते. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० लिहिलेलं असलं तरी तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्यासाठी आर-नाइन हा गडद लालचा आकडा वेगळा विचारावा लागतो, तो ५० च्या वर हवा. लग्नाचा माल विकणाऱ्यानं हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. सध्या गिऱ्हाईक साडी उचलून जिन्याजवळच्या खिडकीत नेतं, म्हणजे चूक गिऱ्हाइकांच्याही लक्षात आलेली आहे.

दुसरी खोट कपाटांची. नजरेची उंची पाच फूट, सगळ्यात देखणा माल तिथं, हा उभ्या गिऱ्हाइकाचा नियम इथं जसाच्या तसा वापरलाय. पैठण्या पाच फुटांवर, खाली खोकी. मांडी घालून बसलेल्या बाईचे डोळे गादीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात. पैठण्या दोन ते साडेतीन फुटांच्या खणांत याव्यात, आणि एकाच रंगाच्या घड्या आडव्या न लावता वरून खाली उभ्या पट्ट्यांत लावाव्यात. मान न वळवता सगळे रंग दिसतात. एका खणात दहाच्या वर घड्या नकोत, खालची ओढली की वरच्या ढासळतात. गुडघेदुखीवाल्यांसाठी कडेला दीड फुटी स्टुलं ठेवलीत, ते बरं केलं.

मोजमापाला जायचं तर मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जावं, लग्नसराईत आणि दिवाळीत अजिबात नको. गल्ल्यावर आधी विचारावं. टेप, पट्टी, वही पुरे. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपचा आकडा दोन जागांची तुलना करण्यापुरताच धरावा. आराखडा १:५० मध्ये, काचेचं समोरचं चित्र १:२० मध्ये काढावं. साड्यांचे फोटो काढायची परवानगी बहुधा मिळणार नाही, डिझाइन बाहेर जाईल ही भीती असते. रिकाम्या गादीचे आणि दिव्यांचे काढू देतात.