छाटलेली जास्वंद: लगेच खत घालायचं की धुमाऱ्यांची वाट बघायची?

जास्वंद गुडघ्यापर्यंत छाटली की परसात नुसते खुंट उरतात. ते बघवत नाहीत आणि हात शेणखताच्या पाटीकडे वळतो. माझा कौल स्पष्ट आहे: कुंडीतल्या झाडाला धुमारे फुटेपर्यंत काहीही घालू नका. पहिली फूट झाड खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर काढतं. पानंच नसल्यामुळे पाणी फारसं ओढलं जात नाही. अशात रोज पाणी आणि वर रासायनिक खत दिलं, तर कुंडीत क्षार साठतात आणि मुळं कुजतात. माती वरून बोटाच्या दोन पेरांएवढी सुकली की मगच पाणी द्या.

जमिनीतल्या झाडाचं वेगळं आहे. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही, पावसाबरोबर अन्नद्रव्यंही वाहून जातात. तिथे पूर्ण कुजलेलं शेणखत छाटणीनंतर लगेच घातलं तरी चालतं, कारण ते सावकाश लागू पडतं. फक्त ते बुंध्याला चिकटवू नका, हातभर अंतरावर आळं करून घाला आणि वर पातेरा (सुका पालापाचोळा) पसरा. ताजं शेण मात्र नकोच.

धुमारे बोटभर झाले की कुंडीवाल्यांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) पाकिटावरच्या निम्म्या प्रमाणात, पंधरा दिवसांनी एकदा द्यावं. 'फुलांसाठी' म्हणून हाडांचा चुरा ओतायची गरज नाही. त्यात मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) असतो; जास्वंदीला तो थोडा पुरतो, पालाश (पोटॅश) जास्त लागतो.

छाटणी अजून व्हायची असेल तर फेब्रुवारी-मार्च की दिवाळीनंतर? मी फेब्रुवारी-मार्च म्हणेन. जास्वंदीला नव्या फुटीवरच कळ्या येतात. ही फूट पावसाआधी पक्की होते आणि गणपतीला झाड फुलांवर असतं. फक्त उघड्या पडलेल्या सालीला दुपारचं ऊन भाजतं, म्हणून पश्चिमेकडून नारळाची झावळ टेकवून ठेवा. दिवाळीनंतर छाटलं तर ऊन सौम्य असतं, पण थंडीत फूट रेंगाळते. भर पावसात मोठी छाटणी अजिबात नको, काप काळे पडून फांदी खालपर्यंत मरत जाते.

कोवळी पानं वळून घट्ट गुंडाळलेली दिसली, तर उलगडून बघा. आत कापसासारखं पांढरं काही असेल तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग असली तर बहुधा तोच. तेवढे शेंडे खुडून लांब टाका, बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि संध्याकाळी साबण घातलेलं निंबोळी तेल फवारा.

महिना-दीड महिना उलटला तरी एखादा खुंट तसाच असेल, तर नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर थांबा. तपकिरी, कोरडं लागलं तर हिरवा भाग लागेपर्यंत खाली कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो फवारणाऱ्या घरांत मोरचूद आणि चुना असतोच.